सेराच्या गोधडीचा चौथा कोपरा

"म्हणजे ड्राय क्लीनिंगच ना?"

मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या रांगेत उभी असताना दर वर्षी कुणीतरी मला हे विचारतंच. पहिली काही वर्षं मी चिडायचे. नंतर "हो, पण एका कपड्याला सहा महिने लागतात," असं सांगायला लागले. एवढं ऐकलं की समोरचा माणूस हळूच प्लेट उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकतो.

या वसंतात मी निवृत्त झाले, म्हणून आता शांतपणे सांगते. मी जुनं कापड सांभाळायचं काम केलं. संग्रहालयांचे झेंडे, चर्चमधले जरीचे झगे, कुणाच्या पणजीचा लग्नातला पोशाख, बाहुल्यांचे फ्रॉक. पुण्यात केमिस्ट्री शिकले होते. नवऱ्याला नेदरलँड्समध्ये, नायमेखनला, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि मी हातात एमएस्सी घेऊन घरी बसले. मग डच शिकले, मग हे शिकले आणि मग रोज गाडी पकडून टिलबर्गला जायला लागले. तिथल्या एका जुन्या लोकर गिरणीच्या इमारतीत आमची कार्यशाळा होती. एके काळी जिथे कापड निघायचं तिथेच म्हातारं झालेलं कापड दवाखान्यात यावं तसं यायचं.

आमच्या धंद्याचा नियम अगदी साधा आहे. आम्ही काही नवं करत नाही. आहे ते आणखी बिघडू नये एवढं बघतो. आम्ही घातलेला टाका उद्या कुणालाही काढता आला पाहिजे, आणि मूळ माणसाने घातलेला टाका कुणीही काढायचा नाही, आम्हीसुद्धा नाही. हे लोकांना पटत नाही. एका फुटबॉल क्लबचा झेंडा आला होता, त्यावर बियरचा मोठा डाग. अध्यक्ष म्हणाले, डाग काढा. खजिनदार म्हणाले, खबरदार, तो आम्ही जिंकलो त्या दिवशीचा आहे. दोघे माझ्यासमोर तासभर भांडले. शेवटी डाग राहिला आणि अध्यक्ष बदलले. आणि आपल्या मंडळातल्या एक बाई पैठणीवरचा हळदीचा डाग घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "उन्हात ठेवलीत तर हळद उडेल, पण पैठणीचा रंगही जाईल." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही इतकी वर्षं शिकलात तरी काय?" अजूनही त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

पण मला सांगायचंय ते हेलनबद्दल. तिची गोधडी हे माझं शेवटच्या वर्षातलं काम.

हेलन युट्रेख्टला राहते. ऐंशी केव्हाच उलटलेली, बारीक, कानाला यंत्र, हातात चाकांचा वॉकर. जन्म टास्मानियातला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या बेटावरचा. तिचा डच नवरा तरुणपणी नशीब काढायला तिकडे गेला होता. तिथे हेलनशी लग्न केलं, आणि मग त्याला घरची इतकी आठवण यायला लागली की तिला घेऊन परत आला. नवरा बरा झाला आणि त्याचं दुखणं हिला जडलं. तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

ती आली ती मुलीबरोबर. मुलगी मरायके, शाळेत गणित शिकवते आणि बोलते तेही फळ्यासमोर उभी असल्यासारखी. गोधडी सुपरमार्केटच्या पिशवीत कोंबलेली होती. मी तोंडावर हात ठेवला नाही, एवढा माझा सराव.

टेबलावर पसरली आणि आम्ही सगळेच तिच्यावर वाकलो. बोटभर लांबीचे छापील सुती तुकडे, शेकड्यांनी, एकमेकांना जोडलेले. तपकिरी, गुलाबी, विटका निळा. काही टाके मुंगीएवढे, काही चांगलेच वेडेवाकडे. शिवणारीच्या पायाखालची फळी हलत असावी, असे.

"कुणी शिवली?" मी विचारलं. हे आम्ही सगळ्यांना विचारतो.

"जहाजावरच्या एका प्रवासी बाईने," हेलन म्हणाली.

"कैदी, मम," मरायके म्हणाली.

"प्रवासी."

"तिने तिकीट काढलं नव्हतं, मम."

हेलनने यंत्र बंद आहे की काय असा चेहरा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बाईचं नाव सेरा. हेलनच्या पणजीची आजी. त्या काळात ब्रिटनमध्ये तुरुंग ओसंडून वाहत होते, आणि माणसं नकोशी झाली की सरकार त्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवून द्यायचं. त्यात बायकाही असायच्या. कुणी खून केलेला नसायचा बहुतेक. कुणी रुमाल चोरला, कुणी मालकिणीचा झगा गहाण टाकला. सेराने दुकानातून छापील कापडाचा तुकडा उचलला होता. जहाज निघायच्या आधी काही दानशूर बायका बंदरावर येऊन या कैदी बायकांना एकेक पिशवी द्यायच्या. तीत सुया, दोरा, बोटात घालायचं टोपण आणि कापडाचे तुकडे. महिनोन्‌महिने समुद्रावर रिकाम्या हातांनी बसून त्या बिघडतील, त्यापेक्षा शिवू देत, उतरल्यावर विकून चार पैसे मिळतील, असा हिशेब. कापड चोरलं म्हणून देशाबाहेर काढलं आणि वाटेत हातात दिलं ते कापडच. सेरा यावर हसली असेल की नाही कोण जाणे. मी मात्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते.

अशा गोधड्या आता फार थोड्या उरल्या आहेत. टास्मानियातल्या एका छोट्या संग्रहालयाने ही घ्यायचं कबूल केलं होतं. हेलन स्वतः ती घेऊन जाणार होती. शरद ऋतूतलं तिकीटही काढलेलं होतं. हुइसआर्ट्सने, म्हणजे आमच्याकडच्या घरच्या डॉक्टरने, "या वर्षी जा, पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही," असं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे गोधडी घरी जाणार आणि हेलनही, शेवटची. हे काम वेळेत आणि बिनचूक होणं किती गरजेचं आहे हे मला कुणी समजावायला नको होतं.

आता माझी एक सवय सांगते. कुठलीही गोधडी आली की मी आधी तिचे चारही कोपरे बोटांनी चाचपते. माझी आत्या कऱ्हाडजवळच्या गावात वाकळा शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, एकावर एक घालून धावदोऱ्याचे टाके. शेवटचा कोपरा शिवून बंद करायच्या आधी ती त्यात भाकरीचा वाळका तुकडा नाहीतर चार दाणे टाकायची. "वाकळ उपाशी ठेवू नये गं," म्हणायची. "तिचं पोट भरलेलं असलं की पांघरणाऱ्याचं भरतं." ती वाकळ आत्या गेल्यावर भावाच्या फ्लॅटवर आली, आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत वहिनीने ती भांडीवालीला देऊन स्टीलचा डबा घेतला. मी इकडे परक्यांच्या पणज्यांचे झगे सांभाळत बसले होते. डबा चांगला आहे, अजून चिवडा त्यातच असतो. मला तो घशाखाली जात नाही.

तर सेराच्या गोधडीचे तीन कोपरे सपाट लागले. चौथ्यात काहीतरी कुरकुरलं. बारीक, टणक, हलणारं.

"पतंगांची अंडी," खेरार्ड म्हणाला. खेरार्ड आमचा प्रमुख, दारातून वाकून येणारा उंच माणूस. त्याला प्रत्येक फुगवट्यात कीडच दिसते.

"नाही," मी म्हटलं, आणि त्याला आत्याची गोष्ट सांगितली. पोटभर न मिळणाऱ्या जहाजावर बसलेली ती बाई, स्वतःच्या वाट्यातला घास गोधडीला देते! खेरार्डने चष्मा काढून पुसला. टास्मानियाचा शोध लावणारा खलाशी डच होता असं तो एरवी दिवसातून एकदा तरी सांगतो, त्या दिवशी तेही विसरला. त्याने त्याच दुपारी संग्रहालयाला कळवलं. मी हेलनला फोन केला आणि तिलाही सगळं रंगवून सांगितलं. ती नुसतं "असेल," म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, बिचारी भारावली.

संग्रहालयाचं उत्तर आलं आणि आमची धुंदी उतरली. आनंद वगैरे ठीक, पण ऑस्ट्रेलियात बी, दाणा, पान, काहीही आत नेता येत नाही. कोपऱ्यात तसलं काही असेल तर ते काढल्याशिवाय गोधडी विमानतळावरून पुढे जाणार नाही. आणि काढायचं तर टाका उसवायचा. आणि टाका सेराचा असेल तर तो उसवायचा नाही, हे तर आमचं पहिलं व्रत. खेरार्ड हात मागे बांधून फेऱ्या घालायला लागला. एका बाईला ज्या देशात जबरदस्तीने नेलं, त्याच देशाच्या दारात आता तिची गोधडी अडणार होती, तीही माझ्या भाकरीच्या तुकड्यामुळे.

मरायकेचा फोन आला. "तुमच्या त्या एका दाण्यासाठी माझी आई जेवत नाही," ती म्हणाली. "काय ते ठरवा." मी तिला नियम सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं नाही आणि बरोबरच केलं.

संध्याकाळी भाजी चिरताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याचं सगळं आयुष्य चिपमधल्या चुका शोधण्यात गेलंय.

"अगं, बेसिक प्रश्न," तो म्हणाला. "तुझ्या आत्याची पद्धत लंडनच्या बाईला कुणी सांगितली?"

"भूक सगळीकडे सारखीच असते."

"ते ठीक आहे गं. पण असम्प्शन टेस्ट केलंस का? की डायरेक्ट प्रॉडक्शनला टाकलंस?"

मी त्याला गाजरं किसायला लावली. पण रागावले होते ते तो बरोबर बोलला म्हणून. कुठलाही दुसरा कोपरा असता तर मी पहिल्या दिवशीच त्यावर यूव्ही दिवा धरला असता. इथे मला खात्री होती, त्यामुळे धरला नव्हता. माझ्या आत्याला मी त्या कोपऱ्यात बसवून टाकलं होतं.

यूव्ही दिव्याचं काम सोपं असतं. हल्लीच्या दोऱ्यात पांढरेपणा यावा म्हणून जे रसायन घालतात ते त्या उजेडात निळसर चमकतं, डिस्कोत पांढरा शर्ट चमकतो तसं. जुना दोरा चमकत नाही. दुसऱ्या दिवशी पडदे ओढले आणि दिवा लावला. पहिला कोपरा काळोखा. दुसरा, तिसरा तसेच. चौथ्या कोपऱ्यात एक छोटी निळी रांग झळकली.

मी खजील व्हायला हवं होतं. झालेही, पण थोडीशीच. कारण दुसऱ्याच क्षणी डोक्यात आलं, हा टाका सेराचा नाही. म्हणजे उसवता येईल. म्हणजे गोधडी जाईल! मी अंधारातच "खेरार्ड!" म्हणून अशी ओरडले की तो धावत आला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं.

मग हेलनला फोन केला. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मी येते," म्हणाली. "मरायकेला सांगू नकोस."

दुपारी ती एकटीच आली, गाडीने, वॉकर ढकलत. मी कॉफी दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली, मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखी.

"मी केलंय ते," ती म्हणाली.

तिची गोष्ट अशी. नवी नवरी होऊन निघायच्या आदल्या दिवशी आईने ही गोधडी तिच्या पेटीच्या तळाशी घातली, उलटी बाजू वर करून. "कुणी विचारलं तर प्रवासी बाईची म्हणायचं," आईने बजावलं. त्या काळात तिकडे घरात कैदी निघाला तर लोक सोयरीक करताना नाक मुरडायचे. हेलनच्या आजीने सांगितलं, आईने सांगितलं आणि हेलननेही आयुष्यभर तेच म्हटलं. त्यांच्या परसात वॅटलचं झाड होतं, आपल्या बाभळीच्या गोतातलंच, पिवळ्या फुलांचं. आई आत गेल्यावर हेलनने मूठभर बिया घेतल्या आणि गोधडीचा एक कोपरा उसवून आत शिवून टाकल्या. हॉलंडला गेल्यावर लावीन म्हणून.

"मग लावल्या का नाहीत?" मी विचारलं.

"नसत्या रुजल्या तर?" हेलन म्हणाली. "मग मला वाटलं असतं की मीही नाही रुजणार. आत होत्या तोवर त्यांचं आणि माझं, दोन्ही ठरायचं होतं."

मी माझ्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याचा विचार करत होते. दर हिवाळ्यात मी त्याला घरात आणते आणि दर हिवाळ्यात तो मरतो.

"पुढे कळलं की अशा गोधड्या किती दुर्मीळ आहेत," ती पुढे म्हणाली. "आणि मी तिच्यात सुई घातलेली. तिचा टाका तोडलेला. मला वाटलं, तुम्हाला कळलं की तुम्ही म्हणाल, खराब केली हिने, आता नको. तुझा फोन आला तेव्हा तू इतकी आनंदात होतीस, मेधा. मला सांगवलं नाही गं."

तिचे डोळे भरले होते. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हेलन, नीट ऐका. तो टाका तुमचा आहे म्हणूनच गोधडी जाऊ शकते. सेराचा असता तर अडली असती."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिने कपाळ टेबलाला टेकवलं आणि रडायला लागली, आणि रडता रडता तिचे खांदे हसल्यासारखे हलायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मग मी तिला आत्याची गोष्ट परत सांगितली, या वेळी तिच्यासाठी. "आमच्याकडे तुम्हाला कुणी ओरडलं नसतं," मी म्हटलं. "म्हणाले असते, पोरीने निघताना गोधडी जेवू घातली."

"आमच्याकडे आईने झोडपलं असतं," हेलन म्हणाली आणि कॉफी प्यायली.

टाका तिनेच उसवला. मी कापड धरलं. कात्री नेमकी तिथेच लागली. बिया निघाल्या, काळ्या, चकचकीत. काहींना भोकं पडलेली, आणि एक मेलेलं भुंगेऱ्यासारखं काहीतरी. खेरार्डला शेवटी कीड मिळाली, त्यामुळे तोही खूश झाला. त्याने बिया पिशवीत बंद करून थेट फ्रीजरमध्ये टाकल्या. नंतर हेलनला परत दिल्या. परत नेता येणार नव्हत्याच. त्याच मातीतल्या, पण एकदा बाहेर पडल्या की परक्या. मला माझं ओसीआय कार्ड आठवलं, पासपोर्ट परका झाल्यावर भारताने दिलेलं, दुसरं काय.

संग्रहालयाला पुन्हा लिहायचं काम खेरार्डने माझ्यावर टाकलं. "घास तुझा होता," म्हणाला. मी लिहिलं की जहाजावरच्या घासाची गोष्ट आमची होती, गोधडीची नाही. त्यांनी उलट लिहिलं की नव्या नवरीच्या बिया त्यांना जास्त आवडल्या. कोपरा मी रेशमी दोऱ्याने बंद केला, आत काहीही न घालता. हात थोडा अडखळला, खोटं कशाला सांगू. कीड उरू नये म्हणून गोधडी आठवडाभर गोठवली, आणि मग मऊ कागदात घालून नळकांड्यावर गुंडाळली.

शरद ऋतूत हेलन निघाली. मरायके बरोबर होती. ज्या दिवशी त्या उतरणार होत्या त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. टिलबर्ग स्टेशनबाहेर सायकलला कुलूप लावत असताना फोन वाजला. तिकडे विमानतळाचा गोंगाट होता आणि त्यावर हेलनचा आवाज.

"गेली!" ती ओरडली. "आत गेली, मेधा!"

मी तिथेच सायकलच्या सीटवर टेकले. काय झालं विचारलं. तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने नळकांडं उघडायला लावलं. गोधडी पसरली, चारही कोपरे चाचपले. बी आहे का, धान्य आहे का. नाही. मग त्याने सहज विचारलं, कुणी शिवली?

"मी प्रवासी म्हणायला तोंड उघडलं," हेलन म्हणाली. "आणि मग म्हटलं, माझ्या पणजीच्या आजीने. ती कैदी होती. कापड चोरलं म्हणून तिला इथे पाठवलं. पण कानातल्या यंत्राचा आवाज मी विमानात कमी करून ठेवला होता, त्यामुळे फार मोठ्याने म्हटलं गं. सगळ्या रांगेला ऐकू गेलं. मरायके लालबुंद झाली."

"मग?" मी विचारलं. "लोक काय म्हणाले?"

"मागचा माणूस म्हणाला, बाई, अजून किती वेळ लागणार?"

ती हसायला लागली आणि मग मीही.

"एवढंच, मेधा," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "आजी, आई, मी. इतकी वर्षं लपवलं. आणि एवढंच."